दवाखान्याला मिळालेला ट्रक

बाळांनो, मूल गावच्या आमच्या धर्मादाय दवाखान्याला एका लाकूड ठेकेदाराने सागाचे ओंडके वाहून थकलेला ट्रक दान दिला. तो घेऊन आलेला ड्रायव्हर मी त्या एकाच दिवशी पाहिला. नाव विचारायचे राहून गेले. कानामागे विडी, गळ्यात लाल दुपट्टा आणि एक हात सतत बॉनेटवर, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

मांडी मोडलेली एक म्हातारी तातडीने चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, मोठ्या दवाखान्यात न्यायची होती. तिची बाज ट्रकमध्ये भाताच्या तणसावर ठेवली, पण आधी गाडीची पूजा हवीच. भटजी म्हणाले, "इंजिन बंद करा, मंत्र ऐकू येत नाहीत."

ड्रायव्हर माझ्याकडे वळला. "देवाले आवाज चालते, बाई. गाडीले शांतता चालत नाई."

भटजी हटले नाहीत, इंजिन बंद करावेच लागले. नारळ फुटला आणि गाडी काही केल्या सुरू होईना. मग डॉक्टर, भटजी, मी, सगळ्यांनी ती उतारापर्यंत ढकलली. तो आतून ओरडत होता, "महाराज, आता म्हणा मंत्र! अन् जोर लावा!"

इंजिन धडधडले. त्याने ऐटीत हॉर्न वाजवला. तेवढ्यात मागून म्हातारी ओरडली, "भाऊ, आता चांद्यापर्यंत कोणताही देव भेटू दे, गाडी बंद करू नोको!"