आबांचं इंजेक्शन आणि बारा दिवसांचा उशीर

परवा सकाळी आबा कापडे गावाहून एसटीने महाडला माझ्याकडे आले, ते हातात फाईल आणि चेहऱ्यावर निकाल घेऊनच. "आता औषध नको गो. पुरे झालं."

आबा म्हणजे माझे वडील. दोन वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पुरुषी हार्मोन बंद करणारं इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी... रक्तातला पीएसएचा आकडा झपाट्याने उतरला. आबांना मात्र बसल्याजागी घाम फुटायला लागला. "आता कळलं, पाळी जाताना मला काय व्हायचं ते?" आईने पदराने वारा घालत विचारलं. या आजारात घरात समाधान पावलेली ती एकटीच.

यंदा पीएसए पुन्हा चढला. कारण मला लगेच सापडलं. लावणी चालू होती म्हणून आबांनी एक इंजेक्शन बारा दिवस उशिरा घेतलं होतं! तेव्हापासून फोनवर, जेवताना, पाहुण्यांसमोर मी तेच सुनावत होते... "रोपं वेळेवर लागली ना? झालं तर मग."

आबा ते मनावर घेतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी घेतलं होतं. "माझ्याच हातानं घालवलं. आता नवीन औषध कशाला वाया घालवायचं?"

कसंबसं डॉक्टरांकडे नेलं. आबांनी खुर्चीत बसायच्या आधीच गुन्हा कबूल केला.

डॉक्टर हसले नाहीत. "बारा दिवसांनी हे होत नाही, आबा. हार्मोन तोडलं की बहुतेक पेशी उपाशी मरतात. थोड्या चिवट निघतात. त्या थेंबभर हार्मोनवर भागवतात, काही तर स्वतःचं स्वतः बनवतात. मग त्यांचीच वाढ होते. एकही तारीख न चुकवणाऱ्यांचंही असंच होतं."

आबा म्हणाले, "म्हंजे भातातल्या तणासारखं. येगळं दिसतं ते आपण उपटतो. भातासारखं दिसतं ते ऱ्हातं, आन् त्याचंच बी पडतं."

"अगदी तसंच. इंजेक्शन चालू ठेवू, वर रोजच्या गोळ्या देऊ. आजार मुळासकट जाणार नाही, पण बरेच दिवस आवरून धरता येईल."

"तण येतं म्हणून बेणणी सोडतो काय आपण? नाय." आबांनी चष्मा चढवला. "गोळी जेवणाआधी की नंतर?"

मी शेजारी बसून होते... आजारी माणसाला औषध देण्याआधी आपण दोष पाजतो, आणि त्याचा डोस कधी चुकवत नाही. त्या डॉक्टरांनी दहा मिनिटं खर्च करून तो उतरवला. त्यांचे मनापासून आभार.

बाहेर आल्यावर म्हटलं, "चुकले मी, आबा."

आबा थांबले. माझ्याकडे नीट बघितलं. "हे तुझ्या तोंडून पयल्यांदा ऐकलं गो. आता पीएसए उतरतोच बघ."