क्लेमचं उत्तर

ह्यूऑनच्या खोऱ्यातल्या जुन्या सफरचंदांची माहिती बागवाल्यांनी मिळून इंटरनेटवर मांडली होती. प्रत्येक जातीच्या पानामागे चर्चेचं एक पान असे, आणि तिथे माणसं तोडणीच्या वेळी बोलतात तशीच बोलत: सगळी एकदम, एकमेकांच्या वरताण. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली मर्ना डगन रोज सकाळी चहा घेऊन ती पानं आवरायला बसे. एका विषयाचं बोलणं एका मथळ्याखाली आणायचं, उत्तर ज्याचं त्याच्या प्रश्नाखाली थोडं आत सरकवून ठेवायचं, विझलेले वाद जुन्या चर्चांमध्ये नेऊन टाकायचे. नियम एकच: दुसऱ्याचं बोलणं हलवावं, बदलू नये. नवरा गेल्यापासून तिच्या घरात कुणी कुणाला उत्तर देत नव्हतं. पानावर प्रश्नाखाली उत्तर लागलं की तिला बरं वाटे.

तिचा जुना शेजारी क्लेम व्हिटन कुणालाही उत्तर देवो, लिहायचा पानाच्या तळाशी. ते कुणाला हे मर्ना अंदाजाने ओळखी, आणि त्याचा तिला थोडा गर्व होता.

मार्चमध्ये, तोडणी भरात असताना, त्याचा फोन आला.

"मर्नाबाई, माझ्या बापाला चोर ठरवलंस की गं!"

"काय बोलतोयस?"

"बेकरीवाला मला म्हणतो, 'क्लेम, शेवटी कबूल केलंस म्हणायचं!' सगळी रांग हसली. पान उघड आणि बघ."

तिने उघडलं. कुणीतरी विचारलं होतं, क्लेमच्या वडिलांनी या जातीची कलमं शेजारच्या बागेतून चोरलेली ना? आणि त्याखाली, व्यवस्थित आत सरकवलेलं, क्लेमचं वाक्य: 'मान्य. उगाच वाद घातला.' ते त्याने फळ कधी पिकतं या वादात लिहिलं होतं. एक अक्षर बदललं नव्हतं. पान फार सुंदर दिसत होतं.

"आत्ता परत जागेवर ठेवते."

"गुपचूप? म्हणजे लोक म्हणतील, क्लेमने शब्द फिरवला." त्याने फोन ठेवून दिला.

वाक्य तिने जागेवर नेलं आणि त्या प्रश्नाखाली लिहिलं: 'क्लेमचं वाक्य इथे मी आणलं होतं. माझी चूक. तो हे कधीच म्हणाला नाही. मर्ना डगन.' मग बेकरीच्या रांगेत उभं राहून तेच मोठ्याने सांगितलं.

"आणखी काय काय हलवलंयस गं बाई?" बेकरीवाल्याने विचारलं. रांग पुन्हा हसली, या वेळी तिला.

तोडणी संपली, बागा उघड्या पडल्या. मग एका सकाळी पानाच्या तळाशी क्लेमचा एकच शब्द उमटला: 'मान्य.' त्याच्या अगदी वर कुणीतरी छाटणीबद्दल विचारलं होतं. मर्नाचा हात सवयीने पुढे गेला आणि थांबला. तिने फोन उचलला.

"क्लेम, ते मान्य कुणाला?"

"तुला तर सगळं ओळखता येतं."

"नाही येत. म्हणून विचारतेय."

पलीकडे किटली शिट्टी वाजवत होती. ती त्याने आधी उतरवली.

"तुला, गं. ठेव आता तुझ्या त्या जागेवर."

तिने ते आपल्या त्या कबुलीच्या ओळीखाली नेलं, थोडं आत सरकवून.