समईच्या वरचा सेन्सर

नाशिकच्या ज्या हॉटेलात मी एसी प्लान्टचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो, तिथलं विजेचं बिल माझ्यामुळे उतरलं असं जुने सहकारी आजही सांगतात. ते खरं नाही. जिच्यामुळे उतरलं, तिच्या नावावर मात्र तिथे एक चूक लागली आहे. तीही खरी नाही.

आमची जुनी पद्धत सोपी होती. सकाळी दोन्ही मोठी यंत्रं सुरू करायची ती रात्रीच बंद करायची. हॉलमध्ये लग्न असो की नुसता झाडूवाला, गारवा तेवढाच. याला मी अनुभव म्हणत असे.

दोन हजार सालानंतर शेठनी देवळाली कॅम्पहून येणाऱ्या एका तरुण इंजिनियर बाईंना बोलावलं. त्यांनी सुरुवातीला कशालाच हात लावला नाही. जागोजागी तापमान मोजणारे छोटे सेन्सर बसवले आणि कॉम्प्युटरवर येणाऱ्या रेषा बघत बसल्या. मग एकदा मला म्हणाल्या, "काका, मंगळवारी दुपारभर हॉल रिकामा होता. यंत्र कोणासाठी पळत होतं?"

"भिंतींसाठी," मी म्हणालो. त्या खळखळून हसल्या. मी हसलो नाही.

पुढे त्या रेषांवरूनच यंत्रं आपोआप कमी-जास्त होऊ लागली. पंगत बसली की वेग घ्यायची, हॉल रिकामा झाला की दम खायची. माझा विश्वास बसेना. मी चोरून पाइपाला हात लावून बघायचो. प्रत्येक वेळी त्यांचंच बरोबर निघायचं. शेठही खूश होते. "हे टिकलं तर दिंडोरी रस्त्यावरच्या नव्या हॉटेलचं काम तुमचंच," असं त्यांनी माझ्यासमोर बाईंना सांगितलं होतं.

हॉलमधला सेन्सर बाईंना स्टेजसमोरच्या भिंतीवर हवा होता. तिथे नुकताच रंग दिला होता. वायर दिसेल म्हणून हट्टाने मी तो दाराजवळच्या कोपऱ्यात लावायला लावला.

मग दसरा आला. दरवर्षीप्रमाणे मी यंत्रांची पूजा केली. हा सेन्सरही यंत्रच, म्हणून त्यालाही हळदीकुंकू लावलं आणि खाली स्टुलावर समई तेवत ठेवली. दुपारी हॉलमध्ये साखरपुडा होता. थोड्याच वेळात शेठ धावत आले. "अहो, हॉलचं काश्मीर केलंय काय? नवरीची आजी शाल मागतेय!"

कोपऱ्यात गेलो आणि समई दिसताच उमगलं. सेन्सरला ऊब लागत होती आणि यंत्र हॉल गार करत सुटलं होतं. मी समई उचलली आणि बाहेर येऊन शेठना म्हणालो, "नवीन यंत्रणा आहे. बिघडली असेल."

दुसऱ्या दिवशी बाईंनी रेषा पाहिली. पूजेनंतर चढत गेलेली, मग एकदम कोसळलेली. "काका, इथे काही गरम ठेवलं होतं का?"

"नाही."

त्यांनी सेन्सरवरचं कुंकू पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शेठना बोलावलं. त्यांच्यादेखत त्याच जागी समई लावली. कॉम्प्युटरवर रेषा तशीच चढू लागली.

"म्हणजे आता देवापुढे दिवा लावायचा नाही?" शेठ म्हणाले.

"लावायचा की. दिव्याची चूक नाही, जागेची आहे. सेन्सर इथे यायला नको होता. तो मी बसवलाय."

मी शेजारीच उभा होतो. जागा माझी होती, समई माझी होती.

यंत्रणा राहिली. नवं काम मात्र मुंबईच्या एका कंपनीला गेलं. "इथे एक भिंत चुकली," शेठ म्हणाले, "तिथे शंभर आहेत."

जाण्याआधी बाईंनी मला शेजारी बसवून त्या रेषा वाचायला शिकवल्या. न राहवून मी विचारलं, "तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"काका, मी जाणार, तुम्ही राहणार. तुमचं मन उडालं तर ही यंत्रणा महिनाभरही चालायची नाही."

निवृत्त होईपर्यंत मी ती बंद पडू दिली नाही. शाल-श्रीफळ मला मिळालं, तेही मी घेतलं. नव्या हॉटेलातली यंत्रणा मात्र लवकरच बंद करून ठेवावी लागली. यंत्रं उत्तम होती, पण तिथल्या माणसांशेजारी कोणी बसलंच नव्हतं.