ब्लँकेटांच्या रांगेत

ओढणी कमरेला करकचून बांधली की आम्ही ओळखायचो, आता ही उठणार. आणि ती उठायचीच. "सर, पण हे ठरवलं कुणी?"

एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदवीची, दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. मी नाशकातच वाढलेली, ती हरसूलच्याही आतल्या एका पाड्यावरची. पाड्यातून इतकं शिकणारी ती पहिलीच, त्यामुळे या पदवीकडे सगळा पाडा डोळे लावून बसलेला. सरांनी फळ्यावर 'लाभार्थी' लिहिलं की ही विचारायची, लाभ मिळण्याआधी त्यांना काय म्हणायचं? वर्ग हसायचा, सर हसायचे नाहीत. तुमच्याही वर्गात अशी एखादी असेलच. तिच्यामुळे तास लांबतो आणि आपण मनातून खूश असतो.

शेवटच्या वर्षी फील्डवर्कसाठी आम्हा दोघींना सातपूरच्या कारखान्यांमागची पत्र्याची वस्ती मिळाली. पेठ-हरसूलकडून बांधकामावर आलेली माणसं तिथे राहतात. पहिल्याच दिवशी एका घरातून तिची सख्खी मावशी बाहेर आली. झाली का पंचाईत! वस्तीतल्या माणसांपासून अंतर ठेवा, असं आमच्याकडून वर्गात घोकून घेतलेलं. मावशीने तर केसांना तेल नाही म्हणून हिला दारातच झापलं, मग चहा टाकला. त्या चहावरच वस्तीचं दुखणं कळलं. रेशनकार्ड गावाकडचं, म्हणून इथला दुकानदार धान्य देत नव्हता. आम्ही त्या रेशनच्याच मागे लागलो.

सरांना मात्र कार्यक्रम हवा होता. कुणा देणगीदाराने ब्लँकेटं दिली होती. बायकांची रांग, मागे विभागाचा बॅनर आणि ब्लँकेट देताना विद्यार्थ्यांचा फोटो. दरवर्षीची रीत होती ती. फोटो जोडल्याशिवाय फील्डवर्कचे गुण मिळत नसत.

बॅनर बांधून झाला. बायका उन्हात ताटकळत होत्या. सरांनी फोटोसाठी हिला हाक मारली, तर ही रांगेत, मावशीच्या मागे उभी. ओढणी कमरेला.

"इकडे ये. तू विद्यार्थिनी आहेस," सर म्हणाले.

"सर, मी यांच्यातलीच हाय. माझ्या मावशीला हात पसरायला लावून फोटो काढणार ना? मग माझाबी काढा."

मावशी तिला ढकलत होती, "जा गं तिकडं, तुझं शिक्षण जाईल." ती जागची हलली नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी हातातलं ब्लँकेट खाली ठेवलं. बायकांनी ब्लँकेटं नंतर आपसात वाटून घेतली. फोटो काही झाला नाही.

मला नुसती समज मिळाली आणि फोटो नसतानाही गुण मिळाले, वस्तीत माझी मावशी नव्हती ना. हिला सरांनी सांगितलं, सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर फील्डवर्कमध्ये नापास. गावाहून वडिलांचा फोन आला, मागून टाक म्हणून. मीही एकदा भीतभीत विषय काढला. ती म्हणाली, "चुकले असते तर मागितली असती." नापास झाली. वर्ष गेलं. फील्डवर्क पुन्हा करायचं होतं, तेव्हा वस्ती तिने तीच मागून घेतली.

आमच्या पदवीदानाला ती अर्थातच नव्हती. गाऊन घालून मी सभागृहाबाहेर आले आणि तिला फोन लावला. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

"रेशन दुकानावर हाय. अंगठ्याचं मशीन बंद हाय म्हणतोय दुकानदार. आम्ही सगळ्या दारातच बसलोय."

तू आज इथे असायला हवी होतीस, असं मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

"रडते कशाला? पुढच्या वर्षी येईन की. पण माफी मागून नाय." मग तिचा आवाज फोनपासून लांब गेला, दुसऱ्याच कुणाशी बोलू लागला. "शटर ओढू नका, दादा. आम्ही हलणार नाय."

आत माझं नाव पुकारत होते. मी फोन कानाला लावून ऐकत उभी राहिले.