होल्याची अंडी आणि गोदाक्कांचे गुडघे

वाती वळायला चार बायका बसल्या, की वाती कमी आणि गोष्टी जास्त होतात. सोलापुरात आमच्या गल्लीतल्या दत्ताच्या देवळामागे औदुंबर आहे. चातुर्मासात आम्ही चौघी त्याला रोज एकशे आठ प्रदक्षिणा घालायचो आणि मग तिथंच वाती वळायचो. त्यातल्या एका वर्षी तर माझी टोपली वातींपेक्षा गोष्टींनीच भरली.

आमच्या म्होरक्या गोदाक्का. चौदा वर्षांत नेम एकदाही मोडला नव्हता. वाटीत तुरीचे दाणे घेऊन फेऱ्या मोजायच्या. मधे कुणी हाक मारली, तर नुसत्या डोळ्यांनी रागवायच्या.

*

तिसऱ्याच दिवशी खालच्या फांदीवर होल्याचं घरटं दिसलं. चार काड्या आणि दोन पांढरी अंडी. आमच्या घोळक्याला भिऊन पाखरू सकाळीच उडालं होतं, ते परतलंच नव्हतं.

पुण्य जोडायला आलो आणि एका आईला उठवलं.

शेजारच्या सुशीलावहिनींनी घरट्याला कान लावला. म्हणाल्या, "आत टिकटिक होतंय."

"तुझ्या बांगड्या वाजतायत त्या," गोदाक्का म्हणाल्या.

*

अंडी जिवंत आहेत की नाही, हे पाहणार कसं? आम्ही सगळ्या सोवळ्यात. हात कुणी लावायचा? शेवटी गोदाक्कांनीच निवाडा दिला, "झाडावर आहे तोवर सोवळं, हातात आलं की ओवळं."

एवढं शास्त्र मांडून झाल्यावर मी पलीकडच्या विणकरांच्या आळीतून नरसक्काला बोलावलं. तिच्याकडे कोंबड्या होत्या.

*

नरसक्का अंडी पदरात घेऊन पुजाऱ्याच्या अंधाऱ्या कोठीत गेली. कौलाच्या फटीतून कवडसा पडत होता. त्यात तिनं एक अंडं धरलं. आत केसासारख्या लाल शिरा दिसल्या आणि मधे एक ठिपका हलला.

"ह्यात जीव हाय की," ती म्हणाली. दुसरं धरलं. ते नुसतंच स्वच्छ. "ह्यात काय न्हाय."

"राहू दे गं तेही," मी म्हटलं. "देवाला काय अवघड?"

"अक्का, देवाचं मला ठावं न्हाय. पण हे जित्तं अंडं लई गार पडलंय. मिलच्या दुपारच्या भोंग्यापतुर पाखरू बसलं न्हाय, तर हे बी जाईल. आन् तुमी अशा फिरत राहिल्यावर ते बसंल कुटं?"

तिनं दोन्ही अंडी घरट्यात ठेवली आणि आपल्या हातमागाकडे निघून गेली.

*

आम्ही गोदाक्कांकडे पाहिलं. त्यांच्या पन्नासच फेऱ्या झाल्या होत्या. पाखरू परतून समोरच्या कौलावर मान वळवत बसलेलं.

गोदाक्का पायरीवर टेकल्या. "आज माझे गुडघे धरलेत," त्या म्हणाल्या. "आणि मी बसले असताना तुम्ही फिरणं बरं दिसत नाही."

आम्ही देवळाच्या भिंतीआड सरकलो. मिलचा भोंगा झाला, तेव्हा पाखरू अंड्यांवर बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशीही गुडघे धरलेलेच. तिसऱ्या दिवशी मी गुडघे शेकायला निरगुडीचा पाला घेऊन गेले. "ठेव तिथं," म्हणाल्या, आणि लांबूनच घरट्याकडे बघत वाती वळत राहिल्या.

*

अशा तऱ्हेनं तीन आठवडे गेले. एका सकाळी मी पोचले तर गोदाक्का एकट्याच, घामानं चिंब, झपाझप प्रदक्षिणा घालत होत्या. घरट्यात नुसतं ते निर्जीव अंडं उरलं होतं. समोरच्या कौलावर होल्याशेजारी एक पिल्लू पंख झटकत होतं.

"अक्का, गुडघे?" मी विचारलं.

"बोलू नकोस. बावीस दिवसांच्या फेऱ्या राहिल्यात."