क्लोनिंग चालू असताना उठू नये

आमचा लॅपटॉप सुरू होईपर्यंत घरात भात शिजून होत असे. (बासमती नव्हे, जाडा.) म्हणून मी नवी एसएसडी आणली आणि क्लोनिंग करायचं ठरवलं, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कमधलं सगळं जसंच्या तसं नवीत उतरवायचं. व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, अगदी सोपं आहे. व्हिडिओतली माणसं असंच म्हणतात.

अडचण एकच होती. लॅपटॉपची बॅटरी मेलेली आणि चार्जरची पिन ढिली. पिन बोटानं दाबून धरली तरच लॅपटॉप जिवंत. मध्येच बंद पडला तर दोन्ही डिस्क जातील, अशी माझी पक्की समजूत, आणि गेलेल्या बाबांचे सगळे फोटो त्यातच. तेव्हा फुलचूरच्या आमच्या घरात, बैठकीतल्या प्लगशेजारी मी मांडी घातली, उजव्या हातानं पिन दाबली आणि क्लोनिंग सुरू केलं.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. माझ्या बहिणीला, माधुरीला पाहायला केशोरीचे पाहुणे संध्याकाळी यायचे होते. ते सकाळीच आले.

मुलगा, त्याची आई आणि सगळ्यांत पुढे त्याचे मोठे काका. मी बसल्या जागेवरून डाव्या हातानं नमस्कार केला. एका हाताचा नमस्कार आशीर्वाद दिल्यासारखा दिसतो, हे मला तेव्हा कळलं.

"पोरगा काऊन उठून नाई राहिला?" काकांनी आईला विचारलं.

मी तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. "त्याच्या पायाले जरा त्रास आहे."

"कधीपासून?"

"लहानपणापासून." (आई घाबरली की खोटं अर्धवट सोडत नाही.)

मुलाच्या आईचे डोळे भरून आले. त्या पोह्यांची बशी घेऊन माझ्याजवळ बसल्या. पिनेवर खिळलेल्या माझ्या हाताकडे पाहत त्यांनी हळूच विचारलं, "हातही गेला का याचा?"

आई गप्प बसली. म्हणजे तोही गेला. मग त्यांनी मला चमच्यानं पोहे भरवायला घेतले. मी खाल्ले. दुसरं काय करणार?

माधुरी चहा घेऊन आली, तिनं हे दृश्य पाहिलं आणि ओठ दाबून तोंड फिरवलं. तिचे खांदे गदगदा हलत होते, कपबशा वाजत होत्या.

"भावावर लय जीव आहे पोरीचा," काका मुलाला म्हणाले. मुलानं मान हलवली. पोरगी तिथंच पसंत पडली.

मग काकांनी गाडीतून मोहाच्या तेलाची बाटली आणली. "माझे गुडघे असेच गेले होते. या तेलावर कचारगड चढून आलो मी. पाय इकडं कर."

"काका, कायले त्रास घेता?"

"दुखते का?"

"नाई, पण..."

"मंग गप बस."

त्यांनी माझा तळवा चोळायला सुरुवात केली. मला जन्मापासून तळव्याला गुदगुल्या होतात. मी दात आवळले, पिन आवळली, बाबांना आठवलं. काका आनंदानं म्हणाले, "पाहा, बोटं हलून राहिली!" आणि त्यांनी जोर वाढवला.

मी ताडकन उभा राहिलो. पिन निसटली, स्क्रीन काळी झाली. दोन्ही हात डोक्याला लावून मी ओरडलो, "गेलं! सगळं गेलं!"

काकांनी शांतपणे बाटलीला बूच लावलं. "ऐकलं ना? स्वतःच म्हणते, सगळं गेलं."

मागाहून कळलं, क्लोनिंगमध्ये जुन्या डिस्कला धक्काही लागत नाही. फोटो सुखरूप होते. मला दहा वेळा उठता आलं असतं. पण तोवर काका गावोगाव माझी केस सांगत सुटले होते, आणि सोयरीक मोडेल म्हणून आम्ही ती खोडली नाही.

बहिणीच्या लग्नात मी मनापासून नाचलो. आजवर शिकलेलं सगळं ओतलं. दमून खुर्चीत बसलो तर मागं केशोरीच्या दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"हाच का तो?"

"हाच. हात नाई, पाय नाई, त्याच्या मानानं बरा नाचते."