बदली क्यूब

फोन वाजला तेव्हा मी भोपळी मिरची चिरत होतो. आजकाल मला फोन आला की तो बँकेचा किंवा विमावाल्यांचा असतो, म्हणून पहिल्यांदा तो तसाच वाजू दिला. दुसऱ्यांदा घेतला. उपनगरातल्या बांधकाम व्यावसायिकांच्या एका संघटनेच्या कार्यालयातून एक मुलगी बोलत होती. संघटनेला पन्नास वर्षं होत होती, अंधेरीला एका हॉलमध्ये दिवसभराचा सोहळा होता आणि त्यात माझा सत्कार करायचं ठरलं होतं.

"माझा?" मी म्हणालो. "अहो, मला बघून तुमचे मेंबर जेवायचे नाहीत."

ती हसली, पण मी थट्टा करत नव्हतो. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काँक्रीटचे क्यूब फोडले. स्लॅब टाकायच्या दिवशी त्याच मालातून सहा-सहा इंचांचे चौकोनी ठोकळे पाडतात, त्यांना क्यूब म्हणतात. अठ्ठावीस दिवसांनी ते मशीनखाली दाबून फोडायचे आणि किती दाबाला फुटले ते लिहायचं. आकडा कमी आला तर स्लॅब नापास. माझा रिपोर्ट येईपर्यंत कंत्राटदार देव पाण्यात घालून बसायचे. काही जण बदली क्यूब आणायचे, म्हणजे साइटवर पातळ माल आणि लॅबसाठी वेगळा, भरपूर सिमेंट घातलेला ठोकळा. माझ्याकडे एकही बदली क्यूब खपला नाही. रंग, कडा, वाळूचा पोत बघून मला कळायचं, आणि कळलं की मी तो सरळ फाटकाबाहेर ठेवायला लावायचो. एकतीस वर्षांत माझे मित्र किती झाले असतील, हिशेब तुम्हीच करा.

बायको होती तोवर त्याचं काही वाटलं नाही. तिला जाऊन पाच वर्षं झाली. आम्हाला मूल नाही. बोरिवलीच्या घरात दिवसाकाठी माझा आवाज निघतो तो दूधवाल्याशी आणि लिफ्टमध्ये कुणी "कितवा?" विचारलं तर.

म्हणून त्या मुलीशी मी बोलत सुटलो. सतरा मिनिटं. ठेवल्यावर फोनच दाखवतो. बोलता बोलता सांगून बसलो की माझ्याकडे पस्तीस वर्षांपूर्वीचा एक क्यूब आहे, आमच्याच इमारतीच्या पहिल्या स्लॅबचा, न फोडलेला.

"सर, झकास!" ती ओरडलीच. "स्टेजवर लाइव्ह फोडू ना! जुनं बांधकाम किती स्ट्राँग होतं ते लोकांना दिसेल."

मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर तिने फोन ठेवला असता, दुसरं कारण नाही.

फोन ठेवला आणि गॅलरीच्या दाराकडे बघितलं. क्यूब तिथेच होता, दाराला टेकून. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून बायकोनेच तो तिथे ठेवलेला. आमच्या सोसायटीचा पहिला स्लॅब पडला त्या दिवशी ती नारळ घेऊन साइटवर आली होती. क्यूब भरून झाले की ओल्या मालावर खिळ्याने नंबर आणि तारीख घालतात. तिने माझ्या हातातला खिळा घेतला आणि एकावर लिहिलं, "ह्याला तरी नापास करू नका." मी चिडलो होतो. नोंदीची वस्तू आहे, चेष्टा काय करतेस, असं चारचौघांत बोललो. तिने खिळा परत दिला आणि पदराला हात पुसले. तो क्यूब मी मशीनवर चढवला नाही. आयुष्यात न तपासलेला तो एकच.

क्यूब व्यवस्थित फुटला तर त्याच्या चारही बाजू आधी सुटतात आणि मध्ये डमरूसारखा गाभा उरतो. अक्षराची बाजू मशीनमध्ये नेहमी कडेला येते, म्हणजे पहिला भुगा तिच्या अक्षराचा झाला असता. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

पुन्हा फोन करून नाही म्हणायचं, एवढं साधं काम होतं. दोनदा फोन हातात घेतला. पण नाही म्हटलं तर बोलावणंही जाईल, अशी मला भीती वाटली. सत्काराची हौस नव्हती. माणसांत बसून जेवायची होती. हे लिहायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

तिसऱ्या दिवशी मी जुन्या लॅबवर गेलो. मागच्या भिंतीशी जास्तीच्या क्यूबचा ढीग नेहमीच पडलेला असतो, कुणी विचारत नाही. त्यातला एक उचलला, भाजीच्या पिशवीत घातला आणि आठ किलोचं ते ओझं मांडीवर घेऊन बसने घरी आलो. घासकागदाने त्याच्या कडा मोडल्या. वरचा आकडा खरवडला. चहाच्या पाण्यात दोन दिवस बुडवला, गॅलरीतल्या कुंडीतली माती चोळली. कंत्राटदार काय काय करतात ते एकतीस वर्षं बघितलं होतं, त्यामुळे हात अडला नाही. मोरीत उकिडवा बसून ठोकळा घासणारा मी आरशात दिसलो आणि म्हणालो, शाब्बास, आता तुझीच बाकी होती.

सोहळा थाटात झाला. मोठमोठी भाषणं, पुष्पगुच्छ, पडद्यावर जुन्या इमारतींचे फोटो. निवेदकाने माझी ओळख करून दिली, "ज्यांच्या नजरेतून एकही खोटा क्यूब सुटला नाही असे..." टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, लोकांना तो विनय वाटला. मग मशीन सुरू झालं. आकडा चढत गेला, चढतच गेला. आमच्या वेळच्या मालाला इतका आकडा शोभतच नव्हता. शेवटी ठोकळा फुटला, सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले आणि निवेदक म्हणाला, "जुनं ते सोनं!"

फुटलेले तुकडे एका टेबलावर मांडून ठेवले. लोक त्यांच्यासोबत फोटो काढत होते. मी ताट घेऊन कोपऱ्यात बसलो. माणसांत जेवायला आलो होतो आणि माझ्या टेबलावर कुणी नव्हतं.

तेवढ्यात एक म्हातारा ताट न घेताच माझ्याकडे आला. मालवणकडचा जुना कंत्राटदार, मी त्याला लगेच ओळखलं. त्याचा क्यूब मी एकदा बदली म्हणून फाटकाबाहेर ठेवायला लावला होता. त्यानंतर त्या साइटच्या आर्किटेक्टने त्याला पुन्हा काम दिलं नव्हतं. त्याच्या हातात फुटक्या क्यूबचा एक तुकडा होता.

"साहेबानू," तो हळूच म्हणाला, "पस्तीस वर्षांमागे क्रश सँड खंय होती?"

संपलं. तेव्हा सगळा माल नदीच्या नाहीतर खाडीच्या वाळूचा असायचा. दगड दळून केलेली ही करडी वाळू कालपरवाची. वाळूचा पोत बघून मीच मालाची पारख करायचो आणि ढिगातून उचलताना तेवढंच बघायचं विसरलो.

"खरा घरी आहे," मी म्हणालो. "त्यावर बायकोचं अक्षर आहे."

तो खुर्ची ओढून बसला. "सांगा," म्हणाला.

पाच वर्षांत मला कुणी "सांगा" म्हटलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. खिळा, नारळ, मी चारचौघांत तिला बोललो ते. तिचं आजारपण, मोरीत ठोकळा घासला ते. मध्येच मला रडू आलं. तो माणूस हलला नाही, त्याने घड्याळात बघितलं नाही, मला पाणी आणून दिलं. आजूबाजूला वाढपी ताटं उचलायला लागले तरी तो ऐकत बसला होता. माझं सांगून झाल्यावर तो तुकडा त्याने शर्टाच्या खिशात टाकला. "ह्या कोणाक कळूचा नाय," म्हणाला.

मला इतकं हलकं वाटलं की मी त्याचा हात धरला. आणि तेव्हा, इतक्या वर्षांनी, मला पहिल्यांदा एक गोष्ट आठवली. त्या दिवशी त्याचा क्यूब बाहेर ठेवल्यावरही तो बराच वेळ फाटकाशी उभा होता. हात जोडून काहीतरी सांगत होता. मी आत निघून गेलो होतो.

"तेव्हा तू काय सांगत होतास रे?" मी विचारलं. "तू क्यूब का बदललास?"

त्याने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. रागाने नाही, अगदी सावकाश.

"ऱ्हवांदे साहेब," तो उठत म्हणाला. "ता तेव्हाच ऐकूचा होता."